भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शाळांतील मुलांना आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळांना या संग्रहालयात घेऊन जाण्याचे काम मी हौसेने करतो. भेटीच्या आधी आणि नंतर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदाची लिहून ठेवली आहेत. ही संग्रहालयाची अधिकृत पुस्तिका नव्हे आणि खाली व्यक्त झालेली मते सर्वस्वी माझी आहेत.

१. हे संग्रहालय नेमके कशाचे आहे?

हे मुख्यतः उपयोजित आणि शोभेच्या कलांचे संग्रहालय आहे. घरात, देवघरात, दिवाणखान्यात किंवा बाजारात वापरायची वस्तू कारागिराने नुसती उपयोगाची न ठेवता देखणी केली, की ती या कलांच्या कक्षेत येते. सुरई, पानदान, हुक्क्याचे बूड, दागिन्यांची पेटी, शिसवी खुर्ची, शिंगाचे आणि हस्तिदंताचे कोरीव काम, चांदीची भांडी, लाखेने रंगवलेले लाकूड हा येथील मुख्य ऐवज असून त्यातील बराचसा एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. याखेरीज जुन्या मुंबईचे नकाशे, मातीच्या प्रतिकृती आणि छायाचित्रे आहेत. प्राचीन शिल्पे किंवा राजेरजवाड्यांच्या तलवारी पाहण्याच्या अपेक्षेने येणारा माणूस निराश होतो (पाहा प्रश्न १३). ‘हे कसे केले असेल?’ असा प्रश्न मनात घेऊन येणाऱ्याला मात्र दीड तास पुरत नाही.

२. राणीच्या बागेतले ‘म्युझियम’ म्हणतात ते हेच का? जायचे कसे?

होय, हेच. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला, म्हणजे राणीच्या बागेला लागून ते उभे आहे. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरल्यास चालत साधारण दहा मिनिटे लागतात. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. ही गोष्ट दरवर्षी एका तरी शाळेच्या लक्षात राहत नाही आणि मुलांना कुलूपबंद फाटकासमोर डबे उघडावे लागतात. इमारत जुनी असल्यामुळे दुरुस्तीसाठीही ती अधूनमधून बंद ठेवावी लागते. तेव्हा बस ठरवण्याआधी चौकशी करावी.

३. याला पूर्वी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ म्हणत. लंडनच्या संग्रहालयाची ही मुंबईतील शाखा होती का?

नव्हती. गंमत अशी की नावाच्या बाबतीत मुंबईच वडीलधारी आहे. मुंबईतील इमारतीचा पायाभरणी समारंभ १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झाला आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. लंडनच्या संग्रहालयाचे नाव तेव्हा ‘साउथ केन्सिंग्टन म्युझियम’ असे होते आणि त्याला राणीचे व तिच्या पतीचे नाव मिळाले ते १८९९ मध्ये. दोन्ही संस्थांच्या मुळाशी असलेला विचार मात्र एकच होता. कारखानदारीच्या युगात कारागिरीचे उत्तम नमुने एका छताखाली जमवावेत, ते लोकांनी पाहावेत, त्यावरून शिकावे आणि त्यातून व्यापारही वाढावा, असा तो विचार होता. यातील ‘व्यापार’ हा शब्द विसरू नये. त्याविषयी पाचव्या प्रश्नात लिहिले आहे.

४. भाऊ दाजी तर डॉक्टर होते ना? मग कलेच्या संग्रहालयाला त्यांचे नाव कसे?

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच भाऊ दाजी (१८२२–१८७४), हे मूळचे गोव्यातील पेडणे महालातील मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले, कडू कवठाच्या तेलाने कुष्ठरोगावर उपचार करून पाहिल्याबद्दल त्यांचे नाव झाले आणि मुंबईचे शेरीफपदही त्यांनी दोन वेळा भूषवले. वैद्यकीइतकाच जीव त्यांनी जुनी नाणी, हस्तलिखिते आणि शिलालेख यांत गुंतवला होता. संग्रहालय उभारणाऱ्या समितीचे ते चिटणीस होते आणि लोकवर्गणी जमवण्यात जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्याबरोबर त्यांचाही मोठा वाटा होता. नाना १८६५ मध्ये वारले, त्यामुळे पूर्ण झालेली इमारत त्यांना पाहता आली नाही. भाऊंनी ती पाहिली, पण उद्घाटनानंतर दोनच वर्षांनी तेही गेले. संग्रहालयाला त्यांचे नाव दिले गेले १९७५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. त्यांच्या कामाचा आणि या संग्रहातील भांड्यांचा एक अनपेक्षित धागा आठव्या उत्तरात सापडेल.

५. एवढ्या वस्तू जमल्या कशा? कोणा संस्थानिकाचा खजिना होता का?

खजिना नव्हता; खरे सांगायचे तर तो मालाचा नमुना होता. १८५१ मध्ये लंडनला जे प्रचंड औद्योगिक प्रदर्शन भरले, त्यात भारतीय कापड आणि धातुकाम पाहून युरोप चकित झाला. पाठोपाठ १८५५ मध्ये पॅरिसला तसेच प्रदर्शन भरले. तेथे पाठवण्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा करताना त्यांच्या जोडीच्या वस्तू मुंबईतच ठेवाव्यात असे ठरले आणि त्यातून फोर्टातील टाउन बराकींत ‘सरकारी मध्यवर्ती संग्रहालय’ सुरू झाले. डॉ. जॉर्ज ब्युइस्ट हे त्याचे पहिले प्रमुख. १८५७ चा उठाव झाला, फौजेला बराकी हव्या झाल्या, संग्रह घाईघाईने हलवावा लागला आणि त्यातील बराच नाश पावला. जे उरले त्यातून डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी संग्रह पुन्हा उभा केला आणि स्वतंत्र इमारतीचा आग्रह धरला.

म्हणून येथील जुन्या नोंदींमध्ये कच्च्या मालाचे, धान्याचे, लाकडाचे, तंतूंचे नमुने आणि नक्षीदार चांदीची भांडी शेजारी शेजारी नांदत असत. ‘या देशात काय पिकते आणि येथील हात त्याचे काय करतात’ हे परदेशी खरेदीदाराला दाखवणारे ते दुकानच होते, फक्त विक्री दुसरीकडे होत असे. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये असे मला वाटते. हेतू व्यापाराचा होता म्हणून कारागिराच्या हाताची किंमत कमी होत नाही; आणि हात सुंदर होता म्हणून हेतू विसरायचा, असेही नाही.

६. चांदीची नक्षी असलेली ती काळी भांडी कळकटून गेली आहेत का? त्यांना पितांबरी लावत नाहीत का?

हा प्रश्न एका सहावीतल्या मुलीने विचारला होता आणि त्याहून चांगला प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. भांडे कळकटलेले नाही. ते मुद्दाम काळे केलेले आहे आणि काळेपणातच त्याची सारी कला आहे. हे बिदरी काम. बिदर हे गाव आज कर्नाटकात असले तरी १९५६ पर्यंत मराठवाड्यासारखेच हैदराबाद संस्थानात, आणि नंतर राज्यात होते. त्यामुळे मराठवाड्यातील जुन्या घरांतून बिदरी पानदाने आणि हुक्के अजूनही सापडतात.

भांड्याचा धातू प्रामुख्याने जस्त आणि त्यात थोडे तांबे असा असतो. तो मातीच्या साच्यात ओतून भांडे घडवतात आणि कानशीने घासून गुळगुळीत करतात. त्यानंतर मोरचुदाचे पाणी लावून पृष्ठभाग तात्पुरता काळसर करतात, कारण त्यावर टोकदार अवजाराने काढलेली नक्षीची रेघ उठून दिसते. छिन्नीने त्या रेघांच्या खाचा करतात, खाचांत चांदीची तार किंवा पातळ पत्रा हातोडीने ठोकून बसवतात आणि सगळे पुन्हा घासतात. या टप्प्यावर भांडे राखाडी दिसते, चांदीही राखाडी, आणि नक्षी जवळजवळ नाहीशी झालेली असते. मग बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचा लेप करून तो तापवलेल्या भांड्यावर चोळतात. जस्ताचा मिश्रधातू कायमचा काळाभोर होतो, चांदीवर त्याचा काही परिणाम होत नाही आणि एवढा वेळ लपलेली नक्षी एकदम उमटते. शेवटी तेलाचा हात फिरवतात. अशा भांड्यावर घासण्याची पूड किंवा चिंच चालवली, तर पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली ही काळी जिल्हई अर्ध्या तासात जाईल. घरी बिदरी वस्तू असल्यास मऊ कापड आणि किंचित खोबरेल तेल पुरते.

७. ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणजे काय? त्यावरील बारीक नक्षी रंगवलेली असते का?

नाही, त्यात रंगाचा एक फटकाराही नसतो. या कामाला सादेली म्हणतात. हस्तिदंत, रंगवलेले हाड, आबनूस, चंदन, कथील यांच्या काडीएवढ्या जाड, त्रिकोणी किंवा चौकोनी कांड्या करून त्या सरसाने अशा चिकटवतात, की कापलेल्या टोकाला तारा किंवा षट्कोन दिसावा. मग त्या जुडीचे आडवे, अगदी पातळ काप काढतात आणि ते चंदनाच्या पेटीवर शेजारी शेजारी चिकटवतात. अळूवडीची गुंडाळी कापल्यावर प्रत्येक कापात तीच नक्षी निघते, तोच प्रकार. ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे आली असे सांगतात. सुरत आणि मुंबई येथे ती फोफावली, पारशी कारागिरांचा तीत मोठा हात होता आणि साहेबाच्या मडमेला पत्रे, सुया-दोरे किंवा भेटकार्डे ठेवायला अशी पेटी हवी असे, म्हणून तिच्या पाठीला मुंबईचे नाव चिकटले. शिसवी लाकडाच्या भरगच्च कोरलेल्या ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ खुर्च्या आणि मेजेही याच गिऱ्हाइकांसाठी होती. मला त्या खुर्च्या जड वाटतात. पाठीला टोचणारी वेलबुट्टी कोणी बसायला केली असेल यावर माझा विश्वास नाही. पेट्यांपुढे मात्र मी दर वेळी थांबतो.

८. मातीच्या भांड्यांवर अजिंठ्याची चित्रे कशी?

ही भांडी सर जे. जे. कलाशाळेशी निगडित आहेत. तेथे जॉर्ज विल्किन्स टेरी या शिक्षकाच्या देखरेखीखाली कुंभारकामाचा विभाग चालत असे. सिंधमधील झिलईची परंपरा आणि शाळेत गिरवले जाणारे भारतीय चित्रनमुने यांचा मेळ घालून तेथे निळ्या, हिरव्या, पिवळट तपकिरी रंगांच्या फुलदाण्या आणि तबके होऊ लागली. त्याच सुमारास, १८७२ पासून, शिक्षक जॉन ग्रिफिथ्स हे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी जात होते. तेथील माणसे, हत्ती, कमळवेली कलाशाळेच्या वहीतून कुंभाराच्या चाकावरील भांड्यावर आल्या.

आता चौथ्या उत्तरातील धागा. ग्रिफिथ्सच्या आधी सुमारे दहा वर्षे भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचून त्यांवर निबंध प्रसिद्ध केला होता. ज्या लेण्यांतील अक्षरे त्यांनी लावली, त्याच लेण्यांतील चित्रे ल्यालेली भांडी आज त्यांच्या नावाच्या इमारतीत आहेत. असे कोणी ठरवून केलेले नाही, म्हणूनच मला ते आवडते.

९. वरच्या मजल्यावरील मातीची माणसे कोणी आणि कशासाठी केली?

मुंबई इलाख्यातील विविध जाती-जमाती, त्यांचे पेहराव, पगड्या, धंदे, खेळ आणि खेड्यातील जीवन दाखवणाऱ्या या प्रतिकृतींपैकी बऱ्याच विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील आहेत. त्या वेळी सेसिल बर्न्स हे कलाशाळेचे आणि संग्रहालयाचे असे दोन्ही कारभार पाहत. शाळकरी मुले येथे सर्वांत जास्त वेळ रमतात आणि ते स्वाभाविक आहे. लोहाराचा भाता, बैलाची वेसण, पगडीचा पेच हे सगळे नखाएवढ्या आकारात अचूक आहे.

मोठ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की माणसांना जातवार काचेत मांडण्याची कल्पना राज्यकर्त्यांची होती. ‘हा अमुक जातीचा माणूस असाच दिसतो’ हे त्या प्रतिकृती सांगतात, तेव्हा त्या कारागिराच्या निरीक्षणाबद्दल खरे आणि समाजाबद्दल अर्धेमुर्धे बोलत असतात. पारशी दख्म्याची, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या बुरुजाची प्रतिकृतीही याच दालनातील. आत जाण्यास मनाई असलेल्या जागेविषयी कुतूहल असलेल्यांची तीभोवती नेहमी गर्दी असते.

१०. कोकणातील काही आहे का? आम्ही सावंतवाडीचे.

सावंतवाडीचे नाव लाखकामामुळे आणि गंजिफांमुळे येथे हक्काने येते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेल्या चकत्यांवर चित्र काढून वर लाखेचा थर देतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि १ ते १० असे बारा, म्हणजे एकूण १२० पत्ते असतात. निम्म्या रंगांत दहाचा पत्ता आकड्यांत सर्वांत वरचा आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचा, ही त्यातील खोच आहे. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने आणि रात्री कृष्णाचा राजा असेल त्याने उतारी करावी, असा संकेत आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कलाकार हे पत्ते रंगवतात. खेळणारे मात्र फार थोडे उरले आहेत.

११. वस्तूंखाली कारागिराचे नाव का लिहिलेले नसते?

कारण ते कोणी टिपूनच ठेवले नाही. गोळा करणाऱ्याने गावाचे नाव लिहिले, धातूचे लिहिले, कधी किंमत लिहिली, पण करणाऱ्याचे नाव लिहिण्याजोगे आहे असे त्याला वाटले नाही. यामागे एक जुनी समजूत होती: चित्रकार आणि शिल्पकार हे ‘कलावंत’, आणि भांडी घडवणारा हा वंशपरंपरेने शिकलेला हात. बर्डवुड यांचेच उदाहरण घ्यावे. भारतीय कारागिरीवर त्यांचा मनापासून लोभ होता आणि तिचे त्यांनी युरोपभर गुणगान केले. तरीही १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत भारतात ललित कला म्हणावी अशी नाहीच, असे सांगताना त्यांनी बुद्धमूर्तीची तुलना एका उकडलेल्या पुडिंगशी केली आणि मोठे वादळ उठले. हाताला शाबासकी द्यायची आणि डोके मात्र मान्य करायचे नाही, असा तो प्रकार होता.

अपवादही आहेत. कच्छच्या चांदीकामात भुजचे उमरसी मावजी आपल्या भांड्यांवर ‘ओ. एम.’ असा ठसा मारत, म्हणून त्यांचे काम आज जगभर नावानिशी ओळखले जाते. एक ठसा मारण्याची सोय एवढेच या फरकाचे कारण असावे, हे मनाला लागते.

१२. बाहेरचा दगडी हत्ती आणि घोडेस्वार यांचा या संग्रहाशी काय संबंध?

शोभेच्या कलांशी काहीही नाही; दोघेही आश्रयाला आलेले आहेत. हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला, तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. जवळ गेल्यास सांधे दिसतात. घोडेस्वार म्हणजे सातवे एडवर्ड, युवराज असतानाचे. हाच मूळचा ‘काळा घोडा’. १८७९ मध्ये फोर्टात बसवलेला हा पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवला गेला. काळा घोडा चौकात आज दिसतो तो स्वाराविना असलेला घोडा २०१७ चा आहे.

१३. येथे शिवकालीन शस्त्रे, पैठण्या किंवा पेशवाईतील वस्तू पाहायला मिळतील का?

त्यासाठी येथे येऊ नये. शिल्पे, लघुचित्रे आणि शस्त्रे यांसाठी फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, म्हणजे १९२२ मध्ये खुले झालेले पूर्वीचे ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ पाहावे. दोन्ही संग्रहालयांत लोकांची गल्लत होते; भायखळ्याचे पन्नास वर्षांनी जुने आहे. मराठी घरातील समया, अडकित्ते, वज्री, कुंकवाचे करंडे, दौती यांसाठी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयाला पर्याय नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी तो संग्रह स्वतः दारोदार फिरून जमवला आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचे नाव त्याला दिले. भायखळ्याला विकण्यासारखे काय आहे ते दिसते, पुण्याला वापरलेले काय होते ते दिसते. दोन्ही पाहिल्याशिवाय उपयोजित कला पुरती कळत नाही असे माझे मत आहे.

१४. आतले सोनेरी काम खरे सोन्याचे आहे का?

छतावरील आणि खांबांवरील मुलामा सोन्याच्या वर्खाचा आहे. ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे इंग्लंडहून आले. शतकभरात गळती, वाळवी आणि वर चढवलेले रंगाचे थर यांनी हे सारे झाकोळून गेले होते. २००३ मध्ये महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन इमारतीचे आणि वस्तूंचे जतनकाम सुरू झाले. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. मालकी महानगरपालिकेचीच आहे.

१५. आजीची हस्तिदंती फणी घरात आहे. ती संग्रहालयाला किंवा कोणाला विकता येईल का?

विकता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी भारतीय आणि आफ्रिकी अशा दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद झाला. वस्तू जुनी आहे, वारशाने आली आहे, किंवा तिची किंमत अगदीच किरकोळ आहे, यातील कोणत्याही कारणाने विक्रीला मुभा मिळत नाही. संग्रहालयात ती दिसते म्हणून बाजारात चालते, असा अर्थ कोणी काढू नये. बाळगण्याविषयी शंका असल्यास वनखात्याकडे विचारावे.

१६. आणि हस्तिदंत नसलेल्या जुन्या वस्तूंचे काय? परदेशातील मुलाकडे बिदरी पानदान पाठवायचे आहे.

येथे वय मोजावे लागते. १९७२ च्याच पुरावशेष आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते (शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षे पुरतात) आणि ती देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीला बंदी आहे. पणजीच्या लग्नातले पानदान सहज या मर्यादेत बसते. ते सामानात घालण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून घ्यावे. वस्तू पुरावशेष नसल्यास तसा दाखला मिळतो आणि विमानतळावरचा वाद टळतो. शंभर वर्षांचे आहे की नाही हे घरच्यांनाही माहीत नसेल, तर वस्तू घासूनपुसून चकाचक करून नेऊ नये; वय ठरवणाऱ्याला जुना थरच उपयोगी पडतो (बिदरीसाठी पाहा प्रश्न ६).